विश्लेषण : वर्ग ऑनलाइन, सामने मैदानात... करोनाकाळात अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल कोणाच्या जिवावर?

अमेरिकेतील करोनाबळींची संख्या २२ सप्टेंबर २०२० रोजी दोन लाखांवर गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी पश्चिमेकडील विद्यापीठांच्या 'पॅक-१२' या संघटनेने नोव्हेंबरपासून फुटबॉलचे सामने सुरू करण्याचे जाहीर केले. याच संघटनेने ११ ऑगस्टला, वर्ष संपेपर्यंत एकही सामना होणार नाही, असे सांगितले होते. त्याच दिवशी तसाच निर्णय घेणाऱ्या 'बिग टेन'ने तर १६ सप्टेंबरलाच घूमजाव केले. (नावात दहा असले तरी 'बिग टेन'मध्ये तेव्हा विद्यापीठे १४ होती.) 'एसईसी', 'एसीसी' आणि 'बिग १२' या दक्षिणेत वर्चस्व असलेल्या संघटनांनी माघार घेतलीच नव्हती. या सहा आठवड्यांत लस आली नाही, साथ ओसरली नाही. मग बदलले काय?

हा फुटबॉल कोणता?

आपल्याकडे फुटबॉल म्हणतात त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला दोन्ही संघांचे धिप्पाड खेळाडू समोरासमोर ओणवे बसतात आणि इशारा होताच एकमेकांच्या अंगावर धडकतात. सामनाभर हेच चालते. अंतर राखून खेळण्याची सोय या खेळात नाही. त्यात एका संघात शंभराच्या आसपास खेळाडू, शिवाय प्रशिक्षक, डॉक्टर, मदतनीस असा सगळा ताफा असतो.

विद्यापीठांचे हे सामने म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असाव्यात, असे वाटू शकते. प्रत्यक्षात मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. क्लेमसन विद्यापीठाने प्रशिक्षक डॅबो स्वीनी यांच्याशी २०१९ मध्ये दहा वर्षांचा करार केला, तो ९.३ कोटी डॉलरचा. 'बिग टेन' तेव्हा आपल्या बहुतेक सदस्यांना वर्षाला प्रत्येकी पाच कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर, वाटा देत होती. त्यातला मोठा भाग प्रक्षेपण हक्कांचा असतो. फुटबॉलच्या पैशावर पोहणे, टेनिस, कुस्ती असे इतर खेळ पोसले जातात. ते आटणार हे दिसताच आयोवा विद्यापीठाने ऑगस्टमध्ये चार संघ बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे 'सामने रद्द करा' हे म्हणायला सोपे असले, तरी त्याची किंमत फुटबॉलशी संबंध नसलेल्या जलतरणपटूलाही मोजावी लागते, हे नाकारता येत नाही.

निर्णय नेमका कोण घेतो?

खरे तर कोणीच नाही. विद्यापीठीय खेळांची सर्वोच्च संस्था 'एनसीएए'. तिने मार्चमध्ये बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा एका फटक्यात रद्द केली, कारण ती स्पर्धा तिची स्वतःची होती. फुटबॉलच्या वरच्या गटाची विजेतेपद स्पर्धा मात्र एनसीएएच्या हातात नाही, ती संघटनांनी मिळून उभारलेली आहे. त्यामुळे ज्याने त्याने आपापले ठरवले. एकाने थांबायचे आणि शेजाऱ्याने खेळायचे, तर थांबणाऱ्याचे खेळाडू, प्रेक्षक आणि जाहिराती शेजाऱ्याकडे वळणार, ही धास्ती होतीच. 'बिग टेन'मध्ये ऑगस्टमध्ये ११ विरुद्ध ३ मतांनी सामने लांबणीवर पडले होते. सप्टेंबरमध्ये सगळे १४ जण खेळायच्या बाजूने गेले.

मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 'बिग टेन'चे तेव्हाचे आयुक्त केव्हिन वॉरन यांना फोन केला. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, ओहायो ही निवडणुकीतली चुरशीची राज्ये याच संघटनेच्या पट्ट्यात येतात आणि मतदान ३ नोव्हेंबरला होते. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कोर्टात दावा लावला, पालकांनी निदर्शने केली. मात्र सगळेच राजकारण होते असे नाही. दरम्यान काही मिनिटांत निकाल देणाऱ्या अँटिजेन चाचण्या उपलब्ध झाल्या. खेळाडूंची रोज चाचणी करता येईल, हा सप्टेंबरमधला मुद्दा ऑगस्टमध्ये नव्हता.

चाचण्या रोज, पण कोणाच्या?

इथे या निर्णयाचा विचित्रपणा दिसतो. एनसीएएचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी मे महिन्यात सांगितले होते, की विद्यापीठे विद्यार्थ्यांसाठी उघडली नाहीत तर खेळही होणार नाहीत. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने ऑगस्टमध्ये वर्ग भरवले आणि आठवडाभरात, वसतिगृहांत रुग्ण वाढल्यावर, पदवीचे वर्ग ऑनलाइन केले. फुटबॉल संघाने मात्र १२ सप्टेंबरला घरच्या मैदानावर, रिकाम्या स्टँडसमोर, सिरॅक्यूजला ३१-६ असे हरवले.

मिशिगन विद्यापीठात तर योगायोग बोलका आहे. तिथे शिकवण्याचे काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ८ सप्टेंबरपासून संप केला. चाचण्या वाढवा आणि घरून काम करण्याचा हक्क द्या, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. विद्यापीठ कोर्टात गेल्यावर संप १६ सप्टेंबरला मिटला. फुटबॉलपटूंची रोज चाचणी होईल, ही 'बिग टेन'ची घोषणाही त्याच दिवशीची. आपल्याकडे अंतिम वर्षाच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्यांना काही तास केंद्रावर बोलवावे की नाही, यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. तिथे वर्ग धोक्याचा आणि टक्कर चालते, असा हिशेब झाला.

हृदयाचा प्रश्न

विशी-बाविशीच्या तंदुरुस्त मुलांना करोना झाला तरी काय होणार, हा समर्थकांचा नेहमीचा युक्तिवाद. मृत्यूचा धोका या वयात कमी आहे, हे खरे. पण डॉक्टरांना काळजी होती ती हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. आजारातून उठलेला माणूस ठणठणीत दिसतो आणि सूज असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. तेव्हा बोस्टन रेड सॉक्समध्ये असलेला बेसबॉलपटू एद्वार्दो रॉद्रिगेझ याच कारणाने त्या मोसमातून बाहेर पडला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी करोनातून बरे झालेल्या २६ खेळाडूंचे एमआरआय केले. त्यापैकी चौघांत अशा सुजेच्या खुणा दिसल्या. अभ्यास छोटा आहे, तुलनेसाठी निरोगी खेळाडूंचा गट त्यात नाही, त्यामुळे त्यावरून टक्केवारी काढणे चूक ठरेल. तरीही 'बिग टेन'ने बाधित खेळाडूला किमान २१ दिवस बाहेर ठेवून हृदयाच्या तपासण्या बंधनकारक केल्या, हे योग्यच झाले. लुइझियाना स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक एड ऑर्जरॉन यांनी मात्र सप्टेंबरमध्ये, आपल्या बहुतेक खेळाडूंना करोना होऊन गेला आहे, असे सहज सांगून टाकले. जणू कांजिण्या.

विद्यार्थी की कामगार?

साथीच्या काळात खेळ होऊच नयेत, असे नाही. 'एनबीए'च्या बास्केटबॉलपटूंना जुलैपासून फ्लोरिडात एका संकुलात ठेवले होते आणि ते सामने नीट चालले. 'आयपीएल' १९ सप्टेंबरपासून अमिरातीत सुरू झाली. चेन्नईच्या ताफ्यात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडसह १३ जण बाधित निघाले, तरी विलगीकरण करून स्पर्धा सुरू झाली. सुरेश रैना, हरभजन सिंग यांनी न खेळण्याचा निर्णय घेतला. व्यावसायिक फुटबॉलच्या 'एनएफएल'मध्ये खेळाडूंच्या संघटनेने आधी वाटाघाटी केल्या : ज्यांची प्रकृती जोखमीची आहे त्यांनी मोसम सोडला तर साडेतीन लाख डॉलर, इतरांना दीड लाखाची उचल. साठहून अधिक खेळाडूंनी त्याचा लाभ घेतला.

कॉलेजच्या खेळाडूला तेव्हा यातले काहीच नव्हते. त्याला शिष्यवृत्ती मिळत होती, पगार नाही. स्वतःच्या नावाने जाहिरात करून चार पैसे मिळवायलाही तेव्हा बंदी होती. त्याची संघटना नव्हती, त्यामुळे वाटाघाटीच्या टेबलावर त्याची खुर्चीही नव्हती. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी युनियनचा प्रयत्न केला होता, पण २०१५ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने त्यात लक्ष घालायलाच नकार दिला.

याची मुळे जुनी आहेत. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका छोट्या कॉलेजचा खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी, अशा दाव्यांच्या भीतीनेच 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द घडवला गेला, असे पुढे स्वतःच लिहिले. करोनाने तोच शब्द पुन्हा तपासायला लावला. विद्यार्थीच असतील, तर बाकीच्या विद्यार्थ्यांसारखे त्यांनाही खोलीत बसून शिकू द्यावे. कँपस बंद असताना बोलावण्याइतके त्यांचे काम आवश्यक असेल, तर ते कामगार आहेत.

त्या उन्हाळ्यात काही विद्यापीठांनी खेळाडूंकडून जोखीम मान्य असल्याची कागदपत्रे सही करून घेतली. दावा करण्याचा हक्क सोडायला लावू नका आणि करोनाच्या उपचारांचा खर्च खेळाडूच्या खिशावर पडू देऊ नका, असे एनसीएएला ऑगस्टमध्ये बजवावे लागले. नाव मागे घेणाऱ्यांची शिष्यवृत्ती राहणार होती. पण ज्यांची एनएफएलमधली जागा जवळपास पक्की होती, त्या पेन स्टेटच्या मायका पार्सन्ससारख्यांना हे परवडत होते. संघातल्या साठाव्या खेळाडूने नाव मागे घेतले, तर पुढच्या वर्षी प्रशिक्षक त्याला विसरलेला असेल.

खेळाडूंना काय हवे?

त्यांच्यातही एकमत नव्हते. क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स आणि ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स यांनी 'आम्हाला खेळायचे आहे' अशी मोहीम चालवली. घरी, मित्रांत वावरण्यापेक्षा संघाच्या शिस्तीत आम्ही अधिक सुरक्षित आहोत, हे लॉरेन्सचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अनेकांसाठी चांगला डॉक्टर आणि सकस जेवण संघातच मिळते. 'पॅक-१२'च्या खेळाडूंनी मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला आरोग्याच्या हमीबरोबर उत्पन्नात निम्मा वाटा मागितला होता. पण खेळू इच्छिणाऱ्या लॉरेन्सने आणि त्याच्या साथीदारांनीही सरतेशेवटी मागितली ती खेळाडूंची संघटनाच. ट्रम्प यांनी त्यांच्या मोहिमेला ट्विटरवरून पाठिंबा दिला. संघटनेच्या मागणीबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही.

वेळापत्रक जुळेल?

'एसईसी'चे सामने २६ सप्टेंबरपासून सुरू होणार होते. १९ सप्टेंबरचा ह्यूस्टन-बेलर सामना जेमतेम आठवडाभर आधी ठरला आणि आदल्या दिवशी रद्द झाला, कारण बेलरकडे पुरेसे खेळाडू उरले नाहीत. 'बिग टेन'ची सुरुवात २३-२४ ऑक्टोबरला होती. संघातील बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या पुढे गेले, की सात दिवस सराव आणि सामने बंद ठेवावे लागू शकत होते. पण विजेतेपदाच्या चार संघांची निवड २० डिसेंबरला होती. त्याआधी नऊ आठवड्यांत नऊ सामने बसवले होते आणि मध्ये एकही आठवडा मोकळा ठेवलेला नव्हता.