लग्नाचं काय ठरवलं आहे?



गेल्या अंकानंतरच्या तीन महिन्यांत आपल्या शनिवारच्या बैठकीला अभियांत्रिकीच्या पाच-सहा मुली येऊ लागल्या आहेत. काही शेवटच्या वर्षाला आहेत, काही नुकत्याच पास झालेल्या. चळवळीत येण्यासाठी त्या आल्या नव्हत्या. त्यांना सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखतीचा सराव करून हवा होता आणि आपल्यातल्या दोघीतिघी तो करून घेतात असे त्यांनी कुठून तरी ऐकले होते.

त्यांतली एक उमरेडच्या पलीकडच्या गावातली. एका कंपनीने तिची पाऊणएक तास तांत्रिक मुलाखत घेतली. दोन तक्ते जोडून माहिती कशी काढशील, लिंक्ड लिस्ट उलटी कशी करशील, प्रोजेक्टमधला कोणता भाग तू स्वतः लिहिलास, हे सगळे विचारून झाले. तिने कागदावर कोड लिहून दाखवला. मग दुसऱ्या फेरीत दहा मिनिटांचे बोलणे झाले. घरी कोण कोण असतं? वडील काय करतात? पुण्याला पाठवतील का? लग्नाचं काय ठरवलं आहे? तिने सांगितले, पाच वर्षे लग्नाचा विचार नाही. नोकरी मिळाली. पुढच्या शनिवारी तिने आम्हाला विचारले, "ताई, माझा साखरपुडा ठरून राहिला होता तेव्हाच. मी खोटं बोलली. उद्या त्यांना कळलं तर काढतील का?"

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. कारण सरावाच्या वेळी हे उत्तर तिला आपणच पढवले होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला नीरा माथुर आठवल्या. 1989 मध्ये आयुर्विमा महामंडळात रुजू होताना त्यांना एक अर्ज भरावा लागला होता. त्यात पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, आजवर किती वेळा दिवस गेले, असे रकाने होते. प्रोबेशनच्या काळात त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि अर्जात खोटी माहिती दिली म्हणून त्यांना नोकरीवरून कमी करण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1991 च्या निकालात न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले आणि महामंडळाला असले रकाने काढून टाकायला सांगितले. नीराताईंचे उत्तर खरे होते की खोटे, यापेक्षा असा प्रश्न बाईला विचारलाच का, याकडे न्यायालयाने पाहिले. आपल्या मुलीला आम्ही हे सांगितले. तिची भीती पूर्ण गेली असे मात्र म्हणवत नाही. तिच्या मुलाखतीत छापील अर्ज नव्हता. समोरच्याने काय विचारले याचा एक शब्द कुठे लिहिलेला नाही.

एके काळी नकार छापून येत असे. 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत टेल्कोची जाहिरात लागली होती आणि तिच्यात लिहिले होते की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तेव्हा तिथे शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी चिडून जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. पुण्याला मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. ही गोष्ट आता शाळेतल्या मुलींनाही ठाऊक असते. जाहिरातीतले ते वाक्य आज कोणी छापणार नाही. ते मुलाखतीच्या खोलीत जाऊन बसले आहे आणि तिथे त्याचा सूर फार प्रेमळ असतो. "बेटा, घरून परवानगी आहे ना?" पोस्टकार्ड टाकायला त्या मुलीजवळ काहीच नव्हते. आजच्या मुलीच्या हातात तर पुरावाही नाही.

कायदा काय म्हणतो? 1976 च्या समान वेतन कायद्याच्या कलम 5 ने भरतीत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली होती. त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. पण मनाई भेदभावाला आहे, प्रश्नाला नाही. मुलगी नापास झाली तर कारण कळत नाही आणि पास झाली तर तक्रार कोण करणार?

आता हा प्रश्न मुलांना का विचारत नाहीत ते पाहू. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. आपण सगळ्यांनी तिचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण राज्य विमा योजनेच्या पगारमर्यादेबाहेरच्या बाईचा हा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा असतो. सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक मुली या मर्यादेच्या वरच असतात. खाजगी नोकरीतल्या बापाला मूल झाल्यावर कायद्याने एक दिवसाचीही रजा मिळत नाही. म्हणजे मालकाच्या हिशेबात मूल फक्त बाईला होते. तो खर्च वाचवण्याची सर्वात स्वस्त जागा मुलाखतीचे टेबल. रजेचा खर्च समाजाने वाटून घ्यावा आणि बापालाही सक्तीची रजा असावी, ही मागणी आपण गेल्या काही वर्षांत जेवढ्या जोराने करायला हवी होती तेवढी केलेली नाही.

रात्रपाळीचेही तसेच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची आहे. मुलाखतीत मात्र विचारतात, "रात्री मिहानहून घरी कशी जाशील?" खापरीपर्यंत मेट्रो आली, हे खरे. पण गाडीची सोय काय, हे मुलीने कंपनीला विचारायचे की कंपनीने मुलीला?

सगळ्या मुलींना सारखेच प्रश्न येतात असेही नाही. इंदोऱ्याच्या मुलीला "वडील काय करतात" हा प्रश्न वेगळा ऐकू येतो. आडनाव वाचून झाल्यावर तो आलेला असतो. 2007 मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले होते की आपण फक्त गुणवत्ता पाहतो असे म्हणणारे हे लोक कुटुंबाची पार्श्वभूमीही हटकून विचारतात. ज्या नागपुरात जुलै 1942 मध्ये हजारो दलित स्त्रियांनी परिषद भरवली, तिथली नात आज पडद्यासमोर बसून सांगते की वडील ऑटो चालवतात, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटले ते वाचत राहते. मुलाखत घरूनच असली तर मागची भिंतही दिसते. दोन खोल्यांच्या घरात परीक्षेच्या वेळी कुणाचा आवाज आला की संगणक इशारा देतो. त्या दोन तासांसाठी आईने कुकरची शिट्टी काढून ठेवल्याचे एकीने हसत हसत सांगितले. आणि "मी करून राहिली आहे" म्हटले की पुण्याचे साहेब गालात हसतात. कोडमध्ये व्याकरणाची चूक नसते तरी!

मूल झाल्यावर परत नोकरी शोधणाऱ्या बायांबद्दल वेगळे लिहायला हवे. "मधली तीन वर्षं काय केलं?" या प्रश्नापाशी त्यांची मुलाखत बहुधा संपते.

आता आपल्याबद्दल. सरावात आपण मुलींना शिकवत आलो की असा प्रश्न आला तर हसून म्हणायचे, "घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे." यावर बैठकीत जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणाली, आधी नोकरी हातात येऊ द्या. तत्त्वाची किंमत बावीस वर्षांच्या मुलीच्या पगारातून वसूल करू नका. दुसरी म्हणाली, आपणच या प्रश्नाला उत्तर पुरवत राहिलो तर तो विचारणे कोण थांबवेल? दोघींचे म्हणणे खरे आहे. आम्ही सराव बंद करणार नाही. मुलीने काय उत्तर द्यायचे ते तिने ठरवावे, आणि तिने दिलेल्या उत्तराला आपल्यापैकी कोणी खोटेपणा म्हणू नये.

पण प्रश्न लिहून ठेवायचे ठरले आहे. कार्यालयात एक वही ठेवली आहे. मुलाखत झाली त्याच दिवशी तारीख, फेरी, कोणत्या पदावरच्या माणसाने विचारले आणि शब्दशः काय विचारले, एवढे लिहायचे. मुलीचे नाव लिहिले नाही तरी चालेल. बोलणे अंगलट जाणारे असेल तर लक्षात असू द्या, 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा नोकरीत असलेल्या-नसलेल्या दोन्ही बाईला लागू आहे. मुलाखतीला गेलेली उमेदवारही तक्रार करू शकते, मात्र तीन महिन्यांच्या आत.

वहीतल्या नोंदी घेऊन आधी महाविद्यालयांच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे जायचे आहे. कंपनीला आवारात बोलावतात ते, तेव्हा कोणते प्रश्न चालणार नाहीत हे लेखी कळवणे त्यांच्या हातात आहे. वर्धा, अमरावती, चंद्रपूरच्या गटांनीही अशा वह्या सुरू कराव्यात आणि पुढच्या अंकाआधी नोंदी पाठवाव्यात.

आमच्या वहीत आजवर एकोणीस प्रश्न आले आहेत. पहिला त्या उमरेडकडच्या मुलीने लिहिला आहे, तारखेसकट. खाली तिने कंसात लिहिले आहे की तिच्याबरोबर त्याच दिवशी निवड झालेल्या वर्गमित्रालाही तिने विचारले होते. त्याचाही साखरपुडा झालेला होता. त्याला कोणी काही विचारले नाही.