टाळूवरचे लोणी

परवा धाराशिवात एका सत्कार समारंभात एका सद्‌गृहस्थांनी विषय नसताना विषय काढला. म्हणणे थोडक्यात असे: अपघात हा आता धंदा झालाय. माणूस गेला की रडायच्या आधी लोक वकील गाठतात. कोर्ट डोळे झाकून वीस-वीस लाख देते. विधवा दुसरे लग्न करून मोकळी होते, आणि पैसा जातो तुमच्या-आमच्या खिशातून. शेवटी 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी' आलेच, टाळ्याही पडल्या. गृहस्थ सज्जन आहेत, वाचनही दांडगे आहे. मोटार वाहन कायदा तेवढा वाचायचा राहून गेलेला दिसतो.

खिशाचे आधी मिटवू. दीडशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने वर्षाला ७१४ रुपये आहे. हा हप्ता रस्त्यावरच्या परक्या माणसासाठीच भरून घेतात. त्या माणसाच्या घरच्यांनी तो मागितला, तर दरोडा पडला म्हणून ओरडण्यात काय हशील?

वकील गाठतात, हे खरे आहे. दावा टाकायची मुदत सहा महिन्यांची आहे, गाठणारच.

आता विधवेचे लग्न. या मुद्द्यावर सभागृहात सगळ्यात जास्त माना डोलल्या, म्हणून मीही इथे जरा बूड टेकून बसतो. २०१० साली मुंबई-पुणे महामार्गावर एक तरुण अपघातात गेला. त्याची बायको तेव्हा १९ वर्षांची होती. पुढे तिने दुसरे लग्न केले, आणि नेमका तोच मुद्दा घेऊन विमा कंपनी अपिलात गेली: हिने संसार थाटला, आता हिला भरपाई कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली ते अपील फेटाळले. भरपाई मिळेपर्यंत बाईने विधवाच राहावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. म्हणजे आमच्या गृहस्थांचा युक्तिवाद एका कंपनीने पगारी वकील लावून आधीच करून पाहिला आहे आणि ती हरली आहे. गृहस्थ तो फुकट करताहेत, एवढाच फरक.

पण या बायका कोण, हे एकदा बघा तरी. वाशी, भूम, कळंबकडची माणसे दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल कोयत्याला मिळते, हिशेब टोळीच्या मुकादमाच्या वहीत. रस्त्यात ट्रॉली उलटली आणि बाई गेली, तर तिची कमाई कुठल्या कागदावर दाखवायची? वहीत तिचे नावच नसते. मुकादम साक्षीला येत नाही. आला तर उचल फिटली नाही हे आधी सांगतो. विमा कंपनी म्हणते, पॉलिसी शेतीकामाची, बसायची परवानगी एकट्या ड्रायव्हरला. ट्रॉलीतली माणसे आमची जबाबदारी नाहीत. मग उरतो ट्रॅक्टरमालक, आणि त्याचा ट्रॅक्टरच मुळात हप्त्यावर. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही उत्पन्न धरा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ सालीही पुन्हा बजावावे लागले. सोळा-सोळा तास मोळ्या वाहणाऱ्या बाईची काय कथा?

आणि डोळे झाकून वीस लाख? डोळे चांगले उघडे ठेवून, पाढे म्हणून देतात. समजा, ३२ वर्षांचा मजूर गेला. कोर्टाने महिना १०,००० धरले. पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १४,०००. मागे बायको, दोन पोरे आणि आई. म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, राहिले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. या वयाला गुणक १६. झाले वीस लाख सोळा हजार. हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिलेला आहे. त्यात न्यायाधीशाच्या उदारपणाला फारशी जागा नाही. शिवाय पोरांचा वाटा बहुधा बँकेत ठेव म्हणून अडकतो. त्यांच्या आईच्या पदरात एकरकमी वीस लाख पडतात, हे टपरीवरचे गणित. आणि हेच गणित मोठ्या पगाराच्या साहेबाला लावले की रक्कम कोटीत जाते, तेव्हा लोणी कुणाला आठवत नाही. म्हणतात, 'कर्ता माणूस गेला हो.'

हा सूर ओळखीचा आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन पाण्यात गेले आणि शेतकऱ्यांनी पीकविमा मागितला, तेव्हाही 'सगळे फुकट पाहिजे' हेच ऐकले होते. हप्ता भरलेला होता, ही गोष्ट तेव्हाही कुणाच्या ध्यानात नव्हती. २०२२ साली उच्च न्यायालयाने कौल शेतकऱ्यांच्या बाजूने दिला, तर मंडळींनी विषय बदलला. आणि मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला महागड्या गाडीने दोघांना उडवले, ती चालवणाऱ्या पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून सोडले, तेव्हा हीच मंडळी 'गरिबाला न्याय नाही' म्हणून मुठी आवळत होती. गरीब न्याय मागायला कोर्टात आला की मात्र तो धंदेवाईक!

खोटे दावे होतात का? होतात. उडवून गेलेली गाडी सापडत नाही, मग ओळखीतली विमा असलेली गाडी 'उभी करतात'. लायसन नसलेल्याच्या जागी लायसनवाला ड्रायव्हर दाखवतात. उत्तर प्रदेशात तर अशा दाव्यांच्या चौकशीला २०१५ साली विशेष पथक लावावे लागले. असे दावे रचणाऱ्यांना तुरुंगात घाला, माझी हरकत नाही. पण पळून गेलेल्या गाडीने मारले तर सरकारी योजनेत दोन लाख, आणि गाडी सापडली तर वीस, ही दरी ठेवायची आणि वर लोकांच्या नीतीवर प्रवचन द्यायचे, हे काही बरे नव्हे.

मग करायचे काय, असे गृहस्थ विचारतील. माझ्याकडे फार काही नाही. मुकादमाच्या वहीत बाईचे नाव वेगळे लिहायला लावा. हंगामात येडशीच्या घाटाखाली आणि नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्यावर अंधारात उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर ठोकायला लावा. मागून धडकलेल्याचीच चूक काढण्याची विमा कंपनीची सोय तेवढी कमी होईल. आणि ती सहा महिन्यांची मुदत काढून टाका. १९९४ साली काढलेली ही मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली, १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलेले आहे. नोव्हेंबरात सांगलीकडे अपघातात नवरा गमावलेली बाई उचल फेडायला मार्चपर्यंत तिथेच ऊस तोडत असते. ती गावी येते तेव्हा हातात जेमतेम दोन महिने उरलेले असतात. दावा राहत्या जिल्ह्यात, धाराशिवलाच टाकता येतो, हे तिला कुणी सांगितलेले नसते. गृहस्थांना भाषणाची हौस आहेच; हंगाम सुटल्यावर वाशीच्या आठवडी बाजारात उभे राहून एवढे सांगितले तरी चालेल.