दयेचे वेळापत्रक

आपल्याकडील अनुदानित माध्यमिक शाळांतून मुख्याध्यापक निवडला जातो असे म्हणण्यापेक्षा तो ज्येष्ठतेच्या यादीतून यथाकाल वर सरकत येतो, असे म्हणणेच अधिक यथार्थ ठरेल. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची 1981 ची नियमावली त्याच्याकडून पदवी मागते, प्रशिक्षण मागते, काही वर्षांचा अध्यापनानुभव मागते आणि सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने त्याला त्या खुर्चीपर्यंत आणून सोडते. परंतु काल सायंकाळपर्यंत ज्यांच्या डब्यांतली भाजी तो शिक्षकदालनात वाटून खात होता, त्याच पंचवीस-तीस माणसांची रजा मंजूर वा नामंजूर करण्याचा, त्यांच्या कामावर शेरा मारण्याचा आणि प्रसंगी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागण्याचा अखत्यार आज सकाळपासून आपल्या हाती आला, तर तो वापरावा कसा, याविषयी ती नियमावली आणि तिच्यामागे उभे असलेले सगळे शिक्षणखाते यांनी मौन धारण केलेले असते. पंचवीस वर्षे भूमिती उत्तम शिकवलेला मनुष्य माणसेही उत्तम सांभाळील, हे गृहीतक कोणी कधी सिद्ध केले नाही. वेतनदेयके, शालार्थ प्रणालीतील नोंदी, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, संचमान्यतेचे तक्ते हे सारे तो सहा महिन्यांत शिकतो, कारण त्यात चूक झाली तर कोणीतरी ताबडतोब विचारते. सहकाऱ्याचे मन मोडले तर मात्र कोणीच विचारत नाही, आणि त्याची नोंद घेणारा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

सहृदय मुख्याध्यापक म्हटले की आपल्यापुढे एक मवाळ, मितभाषी, कोणालाही नाही न म्हणणारा सद्गृहस्थ उभा राहतो. मला ही कल्पना फारशी मान्य नाही. असे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी निरोपसमारंभात सगळे गहिवरून बोलतात, आणि त्यांच्याच अमदानीत शाळेतील कामाचा सारा भार चार गरीब, निमूट माणसांच्या पाठीवर पडलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की मुख्याध्यापकाची करुणा त्याच्या मुद्रेवर शोधू नये, ती त्याच्या दफ्तरात शोधावी. वेळापत्रकात, रजेच्या अर्जावरील शेऱ्यात आणि सूचनावहीच्या भाषेत ती असेल तर आहे, नसेल तर नाही.

सूचनावहीपासूनच आरंभ करू. शाळेत वावरलेल्या कोणालाही हे दृश्य परिचित असेल: तास रंगात आलेला आहे, फळ्यावर अर्धे समीकरण लिहून झाले आहे, आणि दारात शिपाई ती लांबट वही घेऊन उभा राहतो. शिक्षक खडू खाली ठेवतो, वही वाचतो, सही करतो. वहीत लिहिलेले असते की सर्वांनी आपापल्या वर्गाची अमुक माहिती आज दुपारी 2 पर्यंत कार्यालयात सादर करावी, विलंब झाल्यास सर्व जबाबदारी संबंधितांची राहील. शिक्षक परत फळ्याकडे वळेपर्यंत मागील बाकांवर बाजार भरलेला असतो. आता या वहीला भ्रमणध्वनीवरील गटाची जोड मिळाली असून रात्री साडेनऊलाही हुकूम सुटतात. यातील पुष्कळसा दोष मुख्याध्यापकाचा नसतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून माहिती ‘आजच्या आज’ मागवली जाते, त्यांच्याकडे ती जिल्ह्यातून तशाच तातडीने आलेली असते, आणि या उतरंडीत मूळ प्रश्न कोणाला आणि कशासाठी पडला होता हे शोधणे अशक्यप्राय होते. परंतु वरून आलेला कागद त्याच वेगाने व त्याच भाषेत खाली ढकलणे यालाच कारभार समजणारा मुख्याध्यापक आणि तो कागद क्षणभर स्वतःच्या मेजावर थांबवून, ‘ही माहिती यू-डायसच्या नोंदीत आधीच आहे, कारकुनाला सांगून तेथूनच भरू’ असे म्हणणारा मुख्याध्यापक, यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकाच्या माथी ठेवली आहेत. ही तीन दारे प्रत्यक्षात किती रुंद आहेत हे मतदारयाद्या घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरलेल्या शिक्षकाला विचारावे! तो तैनातीचा हुकूम मुख्याध्यापकाला नाकारता येत नाही. पण त्या आठवड्यात त्याच शिक्षकाकडे स्नेहसंमेलनाचे काम न सोपवणे, उत्तरपत्रिका तपासण्याची मुदत चार दिवस वाढवून देणे, एवढे तरी सर्वस्वी त्याच्याच हातात असते.

रजेचे प्रकरण याहून नाजूक आहे, आणि खरी परीक्षा तेथेच होते. ‘रजा हक्क म्हणून मागता येणार नाही’ हे सेवानियमांतील तत्त्व बहुतेक मुख्याध्यापकांना तोंडपाठ असते. तिच्या मंजुरीचा अधिकार आपल्याला दिला आहे तो विवेकाने वापरण्यासाठी, हे इतके तोंडपाठ नसते. समजा, एका शिक्षकाच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते, घरात दुसरे कोणी नाही, आणि मंगळवारी व शुक्रवारी शेवटच्या दोन तासिकांना आपल्याला मोकळीक मिळावी अशी त्याची विनंती आहे. मुख्याध्यापक भला माणूस असेल तर ‘जा हो, आईपुढे काय आहे’ असे म्हणून मोकळा होतो, आणि त्या दोन तासिकांचे बदली तास चित्रकलेच्या शिक्षकाकडे किंवा नुकत्याच रुजू झालेल्या, नाही म्हणण्याची ज्याची प्राज्ञा नाही अशा शिक्षण सेवकाकडे जातात. महिनाभरात त्या रुग्णाईत मातेविषयीची सहानुभूती ओसरते आणि शिक्षकदालनात कुजबुज सुरू होते. येथे दया दाखवली एकाने आणि तिचा भुर्दंड भरला दुसऱ्याने, तोही न विचारता. हाच मुख्याध्यापक जर एका संध्याकाळी पर्यवेक्षकांना घेऊन वेळापत्रकाचा तो मोठा कागद टेबलावर पसरून बसला असता, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन त्या शिक्षकाच्या तासिका त्या दोन दिवशी सकाळच्या सत्रात सरकवल्या असत्या, न जुळणारी एक तासिका स्वतःकडे घेतली असती, आणि ज्याचा मोकळा तास यामुळे गेला त्याला बोलावून ‘पुढच्या सत्रात तुमचा हा तास मी परत देईन’ असे सांगून तसे टिपून ठेवले असते, तर त्याच दयेला न्यायाचे अधिष्ठान मिळाले असते. यासाठी अंतःकरणाची विशालता लागतेच, पण त्याहून अधिक दोन तासांची चिकाटी लागते. शिवाय, आईचा आजार हा त्या शिक्षकाचा खाजगी विषय असून त्याची चर्चा सबंध कर्मचारीवर्गापुढे करून आपल्या औदार्याचा डंका पिटू नये, ही मर्यादाही त्यातच आली.

सवलत कायद्याने दिलेली असली म्हणजे पेच सुटतो, असेही नाही. महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली, आणि मुलांच्या परीक्षेसाठीही ती घेता येते, हे योग्यच झाले. पण जिचा स्वतःचा मुलगा दहावीला आहे अशी शिक्षिका जेव्हा शाळेत दहावीलाच विज्ञान शिकवीत असते, तेव्हा फेब्रुवारीत तिचा अर्ज मेजावर आल्यानंतर नियमाचे पुस्तक उघडून काही साधत नाही. जून महिन्यातच तिला बोलावून, यंदा घरात दहावी आहे तेव्हा वर्गाची वाटणी कशी करू या, असे विचारले असते तर तो प्रश्न फेब्रुवारीपर्यंत पोहोचलाच नसता. सहकाऱ्यांच्या घरी कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचे लग्न आहे, कोण चाळीस किलोमीटरांवरून पहाटेच्या एसटीने येतो, याची माहिती ठेवणे ही काहींना चौकशीखोर वृत्ती वाटेल; मला तो कारभाराचा भाग वाटतो.

आता जाब विचारण्याविषयी. खाजगी शाळांतील सेवाशर्तींचा 1977 चा कायदा झाला तो काही कोणाच्या हौसेखातर झाला नाही. खाजगी शाळांतील शिक्षकांच्या नोकरीला स्थैर्य नव्हते, संस्थाचालकांच्या मर्जीवर ती अवलंबून असे, आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. त्या कायद्याने चौकशीची पद्धत घालून दिली आणि शाळा न्यायाधिकरणाचे दार उघडले. हे संरक्षण बहुमोल आहे. पण नोकरी शाबूत ठेवणारा कायदा प्रतिष्ठा शाबूत ठेवू शकत नाही. प्रार्थनेच्या वेळी सातशे मुलांसमोर ‘देशमुख सर, घड्याळ आहे ना घरी?’ असे विचारणाऱ्या मुख्याध्यापकाविरुद्ध कोणत्या न्यायाधिकरणाकडे जावे? मस्टरवर लाल शाईची खूण करणे त्याचे कर्तव्य असेल, ते त्याने करावे. परंतु तिसऱ्यांदा खूण करण्यापूर्वी त्या माणसाला दार लोटून समोर बसवावे आणि उशीर का होतो एवढे विचारावे, याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा संबंधितास कळवावा असे नियमच सांगतो. ज्या शिक्षकाला आपली उणीव वर्षाअखेरीस आलेल्या त्या कागदावरून प्रथम कळते, त्याच्या मुख्याध्यापकाने वर्षभर काय केले, हा प्रश्न वास्तविक त्या मुख्याध्यापकाच्या अहवालात विचारला गेला पाहिजे.

या साऱ्याचा अर्थ चुकार माणसाला पाठीशी घालावे असा कोणी काढील, म्हणून स्पष्टच लिहितो. मुलांना मारणाऱ्या शिक्षकाला ‘घरच्या विवंचना आहेत बिचाऱ्याला’ म्हणून झाकणारा मुख्याध्यापक दयाळू नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कायद्याने बंदी आहे, आणि ती नसती तरीही शाळेतील सर्वांत दुर्बल घटक मूल हाच असल्यामुळे करुणेचा पहिला हक्कदार तोच ठरला असता. त्या शिक्षकाची विवंचना खरी असेल तर ती ऐकावी, रजा द्यावी, उपचार सुचवावेत. वर्ग मात्र त्याच्या हाती तसाच ठेवू नये.

शिक्षकदालनात ज्यांची खुर्ची डळमळती आहे त्यांच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे काढणाऱ्यांचे मानधन 2023 साली वाढून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झाले. तोवर ते अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 होते. त्याच शाळेत, त्याच इयत्तेला, तोच धडा शिकवणारा कायम शिक्षक याच्या अनेक पटींनी वेतन घेत असतो. अंशतः अनुदानित तुकड्यांवरील शिक्षकांची कथा तर अधिकच खडतर असून पुढील टप्प्याच्या अनुदानासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. हे वेतन वाढवणे मुख्याध्यापकाच्या अधिकारात नाही. पण सहलीची वर्गणी गोळा करणे, क्रीडामहोत्सवाच्या मैदानावर चुना टाकणे, रात्री उशिरापर्यंत संगणकावर निकाल भरणे ही कामे ‘नवीन आहे, शिकेल’ या सबबीखाली सतत त्यांच्याच गळ्यात पडतात, ते त्याला थांबवता येते. शिपायाचेही तसेच. डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांची पदे पुढे नियमित वेतनश्रेणीत न भरता त्यांऐवजी भत्ता देण्याचे धोरण आले. त्यामुळे जुने शिपाई निवृत्त होत गेले की उरलेल्या एकावर तिघांची कामे येतात, आणि घंटा दोन मिनिटे उशिरा झाली म्हणून बोलणीही तोच खातो.

मराठी शिक्षणविचाराने बालकाविषयीच्या करुणेचे मोठे भांडार उभे केले आहे. साने गुरुजींचे अमळनेरचे छात्रालय झाले, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी आणि कोसबाडचे कार्य झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा ताराबाईंचा विचार आज आपल्याला सहज वाटतो इतका तो अंगवळणी पडला आहे. परंतु त्याच ताराबाईंनी वयाने लहान असलेल्या अनुताईंना बरोबरीने कामात घेतले, आणि 1973 साली ताराबाई गेल्यानंतर ते कार्य अनुताईंनी पुढे चालवले, याकडे आपण व्यक्तिमाहात्म्याच्या दृष्टीनेच पाहत आलो. सहकाऱ्याला असे वाढवावे कसे, याचा शोध आपल्या अध्यापक विद्यालयांनी घेतल्याचे दिसत नाही. शिकणाऱ्या मुलाची भीती घालवावी हे आपण बी.एड.च्या पहिल्या सत्रात शिकवतो. शिकवणाऱ्याची भीती घालवण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याच सत्रात येत नाही.

आणि मुख्याध्यापकाचे काय? तालुक्याच्या सभागृहात आढावा बैठक आहे, सत्तर-ऐंशी मुख्याध्यापक बसलेले आहेत, आणि ज्यांच्या शाळेची माहिती अपूर्ण आहे त्यांना नाव पुकारून उभे केले जात आहे, असे दृश्य अपवादात्मक नाही. निवृत्तीला तीन वर्षे उरलेला, केस पिकलेला मनुष्य तेथे खाली मान घालून उभा राहतो, चार वाजता शाळेत परततो आणि सूचनावही मागवतो. त्या वहीत पुढे काय उतरते हे सांगायला नको. संस्थेचे अध्यक्ष सर्वांदेखत त्याला बोल लावून गेले असतील तर तो मजकूर आणखी तिखट होतो. तेव्हा सहृदयतेची मागणी एकट्या मुख्याध्यापकाकडे करून शिक्षणाधिकारी आणि संस्थाचालक यांनी नामानिराळे राहावे, हे मला मंजूर नाही.

एक सूचना मात्र खर्चाची नाही. मुख्याध्यापकपदाची सूत्रे हाती देण्यापूर्वी त्या शिक्षकाला महिनाभर दुसऱ्या एखाद्या शाळेत, जाणत्या मुख्याध्यापकाशेजारी नुसते बसू द्यावे. छत्रपती संभाजीनगरला शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राज्यसंस्था आहे, तिने हवी तर त्याची आखणी करावी. शेवटी परीक्षा घ्यायचीच असेल तर नियमांची कलमे विचारू नयेत. एकाच दिवशी आलेले रजेचे तीन अर्ज, त्या दिवशीचे वेळापत्रक आणि एक पेन्सिल त्याच्यापुढे ठेवावी, आणि त्याने बदली तास कोणाकडे दिले ते पाहावे.