गुळवेल, निर्गुडी आणि दुखरा गुडघा : ‘संशोधनात सिद्ध’ म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?

नवी मुंबई : भातलावणी आटोपली की पनवेल, उरण, पेण, कर्जत पट्ट्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. गुडघे धरलेत, कंबर धरलीय. आठवडाभर चिखलात वाकून रोपं लावल्यावर दुसरं काय होणार! मग कुंपणाची निर्गुडी तोडून आणतात, पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात आणि शेक देतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात नवीन काही नाही.

नवीन आहे तो मोबाइल. अमुक पाला दुखण्याच्या गोळीपेक्षा भारी, तमुक वेलीचा काढा रोज प्या आणि सांधेदुखी विसरा, अशा छापाचे मेसेज गावच्या ग्रुपवर रोज फिरतात आणि बहुतेकांत ‘संशोधनात सिद्ध’ हे दोन शब्द असतातच. हे शब्द वाचले की माणूस पुढचं काही विचारत नाही. कसलं संशोधन, कुणावर केलं, किती जणांवर केलं, त्यात किती मात्रा दिली, हे प्रश्न राहूनच जातात. आणि औषध पोटात जातं तेव्हा तेच प्रश्न महत्त्वाचे असतात.

वनस्पतीवरचं असं बरंचसं संशोधन सुरू होतं उंदरापासून. फार्मसी महाविद्यालयांत औषधशास्त्राचे विद्यार्थी असे प्रयोग नेहमी करतात. पद्धत ठरलेली आहे. पाला सावलीत वाळवायचा, दळायचा, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी घ्यायची. मग मोठ्या उंदरांना तो अर्क पाजायचा आणि त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्यात कॅराजीनन नावाचा, समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ टोचायचा. थोड्या वेळात पाय सुजतो. दर तासाला सूज मोजायची. उंदरांच्या एका गटाला नुसतं पाणी, एकाला डायक्लोफिनॅकसारखी माहितीतली गोळी आणि बाकीच्यांना अर्क. ज्यांना अर्क दिला त्यांची सूज पाण्यावाल्यांपेक्षा कमी राहिली, तर वनस्पतीत सूज उतरवणारं काहीतरी आहे असं म्हणता येतं. वेदनेसाठी वेगळी चाचणी असते. गरम पत्र्यावर ठेवलेला उंदीर किती सेकंदांनी पाय उचलतो, ते घड्याळ लावून पाहतात.

निर्गुडी या परीक्षेत पास झालेली आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजून सूज आणि वेदना दोन्ही कमी होतात असं दाखवलं. म्हणजे आपल्या आज्या काही उगाच निर्गुडी बांधत नव्हत्या. पण इथे एक गोष्ट सुटते. उंदरांना अर्क पाजला होता, आपण पाला बाहेरून बांधतो. शेकाने बरं वाटतं त्यात उष्णतेचा वाटा किती आणि पाल्याचा किती, हे त्या प्रयोगावरून कळत नाही. आणि उलटं, त्या प्रयोगाच्या भरवशावर कुणी निर्गुडीचा रस पेलाभर प्यायला लागला, तर त्याच्या वयाला, रक्तदाबाच्या गोळ्यांना, किडनीला तो कितपत झेपेल हेही कळत नाही.

मात्रेचा हिशेब तर फारच फसवा. समजा एखाद्या प्रयोगात उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी हा आकडा तसाच वजनाने गुणत नाहीत. मोठ्या उंदराची मात्रा साधारण ६.२ ने भागून मग माणसाच्या वजनाने गुणतात. ६० किलोच्या माणसाला ते होतात जवळपास ३.९ ग्रॅम. हा झाला अर्क, पाला नव्हे. वाळलेल्या पाल्याच्या दहाव्या हिश्शाएवढा अर्क निघतो असं धरलं, तर जवळजवळ ४० ग्रॅम वाळका पाला एका दिवसाला. मेसेजमध्ये मात्र ‘चार पानं चावा’ एवढंच असतं. चार पानांनी कदाचित काहीच होणार नाही आणि चाळीस ग्रॅमनी काय होईल, हे माणसांवर तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

माणसांवर तपासायचं म्हणजे काय, त्याची चांगली उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सालईच्या डिंकाचा अर्क गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर तपासला गेला, तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे अर्काच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. नंतर अदलाबदल. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. अर्क घेताना दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं सुधारलं. विदर्भातल्या, मेळघाटातल्या जंगलात उभ्या असलेल्या झाडाचा हा डिंक. मात्र रुग्ण फक्त ३०, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्याहून मोठं काम पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झालं. केंद्र सरकारच्या सीएसआयआरच्या योजनेतून झालेली ही चाचणी २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘ऱ्हूमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आली. गुडघ्याच्या संधिवाताचे ४४० रुग्ण, चार गट, २४ आठवडे. दोन गटांना सुंठ, गुळवेल, सालई वगैरे असलेली आयुर्वेदिक औषधं, एका गटाला ग्लुकोसामाइन आणि एका गटाला सेलेकॉक्सिब ही नेहमीची दुखण्याची गोळी. निकाल असा की दुखणं कमी करण्यात आयुर्वेदिक औषधं बाकीच्या दोन्हींच्या तोडीस तोड ठरली. ‘जडीबुटीत काही अर्थ नाही’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

पण पूर्ण वाचावा. त्याच चाचणीत १२ जणांच्या रक्तात एसजीपीटी वाढलेलं आढळलं. एसजीपीटी म्हणजे यकृताला, आपल्या भाषेत लिव्हरला, त्रास होतोय याची खूण. या बाराही जणांना स्वतःला काही जाणवत नव्हतं. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांना चाचणीतून बाहेर काढून औषध थांबवलं, आकडा पूर्ववत झाला. प्रकरण तिथेच मिटलं, कारण ठरलेल्या दिवशी रक्त तपासलं जात होतं. घरी काढा पिणाऱ्याचं रक्त कोण तपासतं?

या प्रश्नाचं उत्तर कोरोनाच्या काळात मिळालं, तेही अगदी जवळ. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबई परिसरातल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेली होती. या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. पुढे देशातल्या १३ केंद्रांतल्या अशाच ४३ रुग्णांचा अहवाल २०२२ मध्ये आला. अनेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र दिसत होतं.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्येच पहिल्या अहवालाला आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे नीट ठरवलेलं नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं. ही दुसरी जात म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. मंत्रालयाने नंतर फरकही सांगितला, की क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी असतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येतो, खऱ्या गुळवेलीला तसा चीक नसतो.

डॉक्टर आणि मंत्रालय यांच्यातला हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तरी गावातल्या माणसाच्या दृष्टीने दोघांचं म्हणणं एकाच ठिकाणी येऊन पोचतं. डॉक्टर बरोबर असतील, तर खरी गुळवेलसुद्धा काही जणांना बाधू शकते, खास करून ज्यांना आधीपासून यकृताचा किंवा प्रतिकारशक्ती बिघडल्याचा आजार आहे त्यांना. मंत्रालय बरोबर असेल, तर बांधावरची वेल ओळखण्यात चूक झाली तरी लिव्हर जाऊ शकतं. दोन्ही बाबतींत ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला’ हे वाक्य टिकत नाही.

वेल ओळखण्याचा मुद्दा पैशाचाही आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेल गोळा करायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये त्यांच्या संस्थेला मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडून ३५० टनांच्या, १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या मिळाल्या. ज्या समाजाच्या वाट्याला वर्षानुवर्षं वीटभट्टीच आली, त्यांच्यासाठी हा आकडा लहान नाही. अशा धंद्यात एका ढिगात चुकीची वेल मिसळली तर माल परत येतो, आणि गुळवेलीचं नाव बदनाम झालं तर भाव पडतो. कंपनीची प्रयोगशाळा आपलं बघून घेईल, नुकसान मात्र रानात फिरणाऱ्याचं होईल. योग्य वेल ओळखणारे जाणते म्हातारे गावात आहेत तोवर तरुणांनी त्यांच्याबरोबर रानात हिंडून घेतलेलं बरं.

दुसरा धोका याहून वाईट आहे आणि त्याचा वनस्पतीशी संबंधच नाही. आठवडी बाजारात किंवा दारावर येऊन ‘वाताची पुडी’ विकणारे. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची प्रकरणं डॉक्टरांना नवी नाहीत. जडीबुटीचा गुण हळूहळू येतो. वर सांगितलेल्या चाचण्याच आठ-आठ, चोवीस-चोवीस आठवड्यांच्या आहेत. पुडीने दोन दिवसांत वर्षानुवर्षांचा गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, चेहरा गोल सुजायला लागला, साखर एकदम चढली, तर संशय घ्यायलाच हवा. आणि अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. राहिलेली पुडी बरोबर घेऊन सरळ डॉक्टरकडे जावं.

दुकानातल्या बाटलीवर किमान परवाना क्रमांक, बॅच आणि बनवणाऱ्याचा पत्ता असतो. पण परवाना म्हणजे गुडघेदुखीवर चाचणी झाली असा त्याचा अर्थ होत नाही. आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांतल्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवान्यासाठी माणसांवरची नवी चाचणी द्यावी लागत नाही. त्यामुळे काढा असो की गोळी, महिनाभराहून जास्त घ्यायची असेल तर वैद्याला विचारून घ्यावी आणि मध्ये एकदा लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यावी. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली तर औषध बंद करून दवाखाना गाठावा आणि काय घेत होतो ते डॉक्टरला न लाजता सांगावं. बरेच जण हेच सांगत नाहीत. ‘ते काय औषध आहे का, झाडपाला तर आहे’ म्हणून सोडून देतात, आणि कावीळ कशाने झाली याचा शोध दुसरीकडेच चालू राहतो. औषधाचा दुष्परिणाम कळवायला सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर रुग्ण किंवा नातेवाईकही फोन करू शकतात.

राहिला निर्गुडीचा शेक. चटका न लावता, जखमेवर न बांधता केला तर त्यात भिण्यासारखं फारसं काही नाही. तो चांगल्या पद्धतीने तपासणंही अवघड नाही. लावणीनंतर दुखणाऱ्या शंभर-दोनशे गुडघ्यांवर, निम्म्यांना निर्गुडीचा शेक आणि निम्म्यांना दुसऱ्या कुठल्यातरी साध्या पाल्याचा तेवढाच गरम शेक, असं महिनाभर करून बघता येईल. पनवेलपासून कर्जतपर्यंत रुग्ण आहेत, नवी मुंबईत आयुर्वेद, फार्मसी आणि वैद्यकीय अशी तिन्ही प्रकारची महाविद्यालयं आहेत. अडचण एवढीच, की निर्गुडी कुंपणाला फुकट मिळते. तिच्या पाल्याची गोळी करून विकायची नसेल, तर कुठलीही कंपनी या चाचणीवर पैसा घालणार नाही. हा खर्च विद्यापीठाने, नाहीतर आयुष मंत्रालयाच्या संशोधन परिषदेनेच उचलावा लागेल.