चूक कोणाची?

परवा कुरखेड्याला घरी गेलो होतो. संध्याकाळी पाऊस, आणि पावसाबरोबर लाईट गेली (यात बातमी काहीच नाही). शेजारच्यांनी जनरेटर सुरू केला, तोही घरातच. मी म्हटलं, बाहेर ठेवा. तर उत्तर आलं, "भिजन नाई का? अन् चोरीले गेला तं?"

मला दुर्गापूर आठवलं. आमच्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं. जुलै २०२१ मध्ये तिथे रात्री लाईट गेली म्हणून घरात जनरेटर लावून झोपलेल्या एका कुटुंबातले सहा जण सकाळी उठलेच नाहीत. त्यात नुकतंच लग्न झालेलं जोडपंही होतं.

"त्यांचीच चूक, भरपाई कसली मागता?" असं आमचे एक काका तेव्हा म्हणाले होते. काका हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच भांडतो.

काका, कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्याला जागसुद्धा येत नाही. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे काही आठवड्यांनी विसरभोळेपणा सुरू होतो, चालताना तोल जातो. तेव्हा जनरेटरची आठवण कोणाला राहते?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही तर कंपनी जबाबदार. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. छान! पण त्याच कायद्याचं ८७ वं कलम वाचा. धोका उघड असेल, सर्वांना ठाऊक असेल किंवा वापरणाऱ्याला ठाऊक असायला हवा होता, तर सूचना दिली नाही म्हणून कंपनी जबाबदार नाही. जे दिसत नाही आणि ज्याचा वास येत नाही, ते 'उघड' कसं हो? आणि ठाऊक कोणी करून द्यायचं? शेजारच्या जनरेटरवरची सूचना मी बॅटरी लावून वाचली. बारीक अक्षरात, सगळी इंग्रजीत.

पुराव्याचं तर आणखीच अवघड. साध्या हवेत हा वायू चार-पाच तासांत रक्तात निम्मा होतो, ऑक्सिजन लावल्यावर तासा-दीड तासात. म्हणजे उपचारच पुरावा पुसतात. ऑक्सिजन क्षणभरही थांबवू नका, पण रक्ताचा नमुना तेव्हाच घ्यायला लावा आणि वेळ लिहून घ्या. नाहीतर कागदावर 'चक्कर' एवढंच उरतं, आणि त्या कागदावर आयोगापुढे काय मागणार?

असो. निघताना जनरेटरवर मोठ्या अक्षरात मराठीत चिठ्ठी चिकटवून आलो. शेजारी हसले. पण जनरेटर आता अंगणात, पत्र्याखाली आहे, घरापासून लांब. साखळीला कुलूप लावून.