घराबाहेर गेलेली वस्तू

घरात नवीन वस्तू आली म्हणजे तिचे स्वागत कसे करावे, हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. मोटार आली तर दारात नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, झेंडूची माळ चढते आणि घरातील सुवासिनी कुंकवाचे स्वस्तिक काढते. मोबाईल आला तर तोही क्षणभर देवापुढे ठेवून मगच उघडला जातो. आमच्या नातवाने गेल्या दसऱ्यास आपल्या संगणकावर हळदकुंकू वाहून आपट्याचे पान ठेविले. हे सर्व योग्यच आहे. परंतु हीच वस्तू चार-पाच वर्षांनी घराबाहेर जाते तेव्हा ती कोणत्या दाराने गेली, कोणाच्या हाती पडली आणि कोठे जाऊन विसावली, असे विचारिले तर घरातील कर्त्या पुरुषापासून शेंडेफळापर्यंत कोणासही सांगता येत नाही. या महिन्यात आम्ही त्या दुसऱ्या दाराविषयी लिहिणार आहोत. आणि असे लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे, कारण आम्ही देवनारला राहतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून घरातील अलक्ष्मी बाहेर घालविण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांतून होती. ती बाहेर गेल्यावर पुढे कोठे जाते, हे मात्र कोणी सांगत नसे. मुंबईच्या अलक्ष्मीपुरते आम्ही सांगू शकतो: ती आमच्याकडे येत असे. कुर्ल्याहून चेंबूरला येणारा लोहमार्ग १९०६ साली झाला तो शहराचा कचरा वाहण्यासाठी. उतारूंस त्यावरून जाण्याची मुभा १९२४ साली मिळाली. म्हणजे आमच्या या भागात आगगाडीचा पहिला मान कचऱ्याचा, माणसांचा त्यामागून! पुढे १९२७ पासून देवनारच्या खाडीकाठी कचरा टाकण्यास प्रारंभ झाला. सरकारी भाषेत तिला 'क्षेपणभूमी' म्हणतात, लोकांच्या तोंडी 'डम्पिंग'. अलीकडे शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गकडे वळविला गेला. तथापि जो येऊन पडला आहे तो डोंगर होऊन उभा आहे. तो हलविण्याचे काम महानगरपालिकेने २०२५ साली हाती घेतले, तेव्हा त्याचा अंदाज सुमारे १८५ लाख टन असा केला गेला. त्यात आमच्या आजोबांच्या काळच्या फुटक्या बरण्याही असतील आणि आमच्या नातवाच्या खेळण्यातली मोटारही असेल.

सन २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस हा डोंगर पेटला. ती आग कित्येक दिवस धुमसत होती. तिचा धूर आकाशातील उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला, आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून बसलो होतो. पाण्याचे बंब एवढे ओतूनही ती का विझेना, असे घरातील मुले आम्हांस विचारीत. त्याचे कारण असे की, ओला कचरा थरावर थर दाबला गेला म्हणजे आत हवा पोहोचत नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्यावर आपला संसार थाटतात आणि त्यातून वायू निर्माण होतो. या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो, आणि मिथेन हा उत्तम जळतो. वरून ओतलेले पाणी वरच्या थरात राहते, आग पोटात राहते. ज्याचे आपण विसर्जन केले असे समजत होतो, ते आत जिवंत होते.

आमचा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यात गेला, म्हणून या प्रसंगी आम्हांस पाणिनीची आठवण झाली तर वाचकांनी हसू नये. त्याच्या व्याकरणात 'लोप' अशी एक संज्ञा आहे. शब्द सिद्ध होताना एखादा प्रत्यय येतो आणि नाहीसा होतो, त्यास लोप म्हणतात. गंमत अशी की, आचार्यांनी लोपाचा अर्थ 'नाश' असा केला नाही. 'दिसेनासे होणे' एवढाच केला. त्यापुढे असाही नियम घालून दिला की, प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याच्यामुळे घडावयाचे कार्य घडतच राहते. 'अग्निचित्' हा शब्द घ्या. यज्ञासाठी अग्नी रचणारा, असा त्याचा अर्थ. त्यात 'चि' हा धातू. त्याच्यापुढे 'क्विप्' प्रत्यय येतो आणि त्याचे एक अक्षरही शिल्लक राहत नाही. पण शेवटी जो 'त्' उभा आहे, तो त्या गेलेल्या प्रत्ययामुळेच आलेला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणास जे कळले होते ते आम्हांस आमच्या केराच्या टोपलीविषयी कळले नाही. टोपलीतून वस्तूचा लोप होतो, नाश होत नाही.

हे आम्ही दुसऱ्यास उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. अपराध आमचाच आहे, तो सांगतो.

आमच्या घरी भिंतीतल्या कपाटात एक खण आहे. त्यात बंद पडलेले पाच मोबाईल, आठ-दहा चार्जर, दोन रिमोट, एक कानातले यंत्र आणि कशाची आहे हे कोणासही ठाऊक नाही अशी एक तार, इतका ऐवज आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातील एका मोबाईलची पाठ फुगून वर आलेली आमच्या सौभाग्यवतींच्या दृष्टीस पडली. आम्ही मोठ्या चातुर्याने आतील बॅटरी सोडविली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि भाज्यांच्या सालींबरोबर ओल्या कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा नेणाऱ्या बाई ती पुडी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे ओल्यात टाकू नका. गाडीत दाबलं की पेटतं. मागं असलंच एक फुटलं अन् माझ्या जावेचा हात पोळला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या मुलाने गणित चुकविले तर आम्ही ज्या स्वरात सांगत असू, त्याच स्वरात त्यांनी सांगितले. छत्तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या माणसास त्या सकाळी दारात उत्तर सुचले नाही.

मागाहून आम्ही ग्रंथ-लेख धुंडाळून त्याचे कारण समजून घेतले. लिथियमच्या बॅटरीत दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर गुंडाळलेल्या असतात आणि मध्ये कागदापेक्षाही पातळ असा पडदा असतो. आतील द्रव जळणारा असतो. बॅटरी जुनी झाली म्हणजे आत वायू धरतो व ती फुगते. ती दाबली वा भोसकली गेली की पडदा फाटतो, पट्ट्या एकमेकींस भिडतात, उष्णता वाढते, आणि त्या उष्णतेने आणखी उष्णता निर्माण होऊन ज्वाळा निघते. कचरा दाबून भरणारी गाडी तर दाबण्यासाठीच केलेली आहे. देवनारची २०१६ ची आग असल्या बॅटरीने लागली, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु मिथेनने भरलेल्या डोंगराकडे आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून एक काडेपेटी पाठवीत होतो, एवढे खरे.

देवनारच्या पलीकडे तुर्भ्यास १९५६ च्या ऑगस्टात 'अप्सरा' ही भारतातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. तेथे इंधनाच्या कांडीन् कांडीचा हिशेब ठेवितात: आली केव्हा, जळली किती, काढून ठेविली कोठे. ते द्रव्य भयंकर आहे हे सर्वांस मान्य असल्यामुळे त्याची वही कधी बंद होत नाही. घरातील लहानसहान यंत्रे भयंकर दिसत नाहीत, म्हणून त्यांची वही विक्रीच्या पावतीवरच संपते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेची व इलेक्ट्रॉनिक यंत्रे टाकून देण्यात आली, आणि त्यांतील शंभरास सुमारे बावीस भागच रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आले.

मग मार्ग काय? आमच्या मते तो आपल्या मोटारीतच दडलेला आहे. मोटारीची शिशाची बॅटरी उकिरड्यावर पडलेली कोणी पाहिली आहे काय? सहसा नाही. कारण नवी घेताना जुनी परत केली की दुकानदार किमतीत सूट देतो. तशी परत घेण्याचे बंधन २००१ च्या नियमांनी त्याच्यावर घातले. शिसे चोरून वितळविणाऱ्या भट्ट्यांनी पुष्कळ अनर्थ केला हे खरे, पण तो दोष भट्टीचा. बॅटरी परत येते हे तत्त्व चांगलेच आहे. जुनी लुगडी घेऊन भांडे देणारी बोहारीण आपल्या आज्यांच्या काळी हेच करीत होती. जुन्या वस्तूस कोणी चार पैसे मोजणारा असला की ती वाट चुकत नाही.

मोटारीच्या मरणासही आता रीत आली आहे. गोवंडीहून तिसरे स्थानक कुर्ला. तेथे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात आपली पद्मिनी तयार होई. काळ्या-पिवळ्या रंगात तिने मुंबईच्या कित्येक पिढ्या विवाहास, प्रसूतीस आणि परीक्षेस नेऊन पोहोचविल्या. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. लोकांनी हळहळ केली, छायाचित्रे काढली. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या केंद्रात गाडी मोडीत काढली म्हणजे मालकाच्या हाती तसा दाखलाही पडतो. मोटार मेली तर दाखला मिळतो. मोबाईल मेला तर तो खणात पडून राहतो, नाही तर सालींबरोबर जातो.

'जुने तेच सोने' असा आमचा आग्रह आहे असे मात्र कोणी समजू नये. साठ वॉटचा जुना दिवा देई तेवढा उजेड आज नऊ वॉटचा दिवा देतो. जुन्या फ्रीजमधील वायूने पृथ्वीवरील ओझोनचे कवच विरत होते. आणि पद्मिनीचा धूर आमच्या नाकाने खाल्ला आहे. आमच्या चिरंजीवांस विजेवर चालणारी मोटार घ्यावयाची आहे, तीस आमची हरकत नाही. आम्ही एवढेच विचारितो की, तिची बॅटरी थकली म्हणजे ती कोण परत घेणार? २०२२ च्या नियमांनी हा भार बॅटरी करणाऱ्यावर टाकिला आहे, आणि इतर विजेच्या यंत्रांविषयीचे तसेच नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले. कायदा झाला, पण गिऱ्हाईक विचारीत नाही तोवर दुकानदारास तो आठवत नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून हाती वापरावयाच्या यंत्रांची बॅटरी गिऱ्हाइकास स्वतः काढता-घालता यावी असा दंडक घातला आहे. येथे आम्ही एका दुकानात "याची बॅटरी बदलता येते काय?" असे विचारिले, तेव्हा तेथील तरुणाने आमच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की जणू आम्ही नवऱ्या मुलाच्या दाताची कवळी तपासू लागलो आहोत.

तथापि प्रश्न विचारीत राहावे. वाचकांनी आपल्या चार्जरची वा मोबाईलच्या बॅटरीची पाठ पाहावी. तेथे चाके असलेली एक कचरापेटी आणि तिच्यावर मोठी फुली, असे बारीक चित्र असते. ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नये, असा त्याचा अर्थ. आम्ही वर्षानुवर्षे ते चित्र हाताळीत होतो. वाचले मात्र त्या बाईंनी, ज्यांच्या हातात मोबाईल आमच्याहून जुना आहे.

आमच्या घरी आता एवढे ठरले आहे. कपाटाच्या खणावर वही ठेविली आहे. वस्तू आली कधी आणि गेली कोणाकडे, हे सूनबाई तीत लिहितात. फुगलेली बॅटरी टोचावयाची नाही, चार्ज करावयाची नाही. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून अधिकृत संग्राहकाकडे द्यावयाची. दिवाळीच्या झाडलोटीत खण रिकामा करावयाचा, आणि तो कोठे रिकामा केला हे वहीत नोंदल्यावाचून फराळास बसावयाचे नाही; हे शेवटचे कलम नातवाने घातले.

त्या बाई दररोज सकाळी येतात. परवा त्यांनी विचारिले, "गुरुजी, आज काही तसलं नाही ना?" आम्ही पुडी उघडून दाखविली. नुसत्या साली होत्या. त्यांनी मान हलविली आणि टोपली उचलली. निवृत्त झाल्यापासून आमची वही तपासणारे कोणी उरले नव्हते, ते आता मिळाले.