घरचे डिझेल, घरातले विष

गेल्या पावसाळ्यात एक पंचविशीतला तरुण डोळ्यावर ओला टॉवेल धरून दवाखान्यात आला. सोबत आई होती. वडिलांची वड्यांची गाडी; काळे पडलेले तेल रोजच उरायचे. त्यापासून शेतातल्या पंपासाठी बायोडिझेल करावे म्हणून चिरंजीवांनी स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला आणि कॉस्टिक सोड्याचे मिश्रण डोळ्यात उडाले. शेजारी म्हणाले, लिंबू पिळा. आईने ते ऐकले नाही. पोराचे डोके तिने अर्धा तास नळाखाली धरले. त्या माउलीच्या शहाणपणामुळे डोळा वाचला.

मी विचारले, "बाकीचे सामान कुठे आहे रे?" "मिथेनॉल पाण्याच्या बाटलीत भरून फडताळात ठेवलंय," तो म्हणाला. घरात चार वर्षांचा पुतण्या आहे, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

या तरुणाचा हेतू चांगला होता आणि त्याचे रसायनशास्त्रही चुकीचे नव्हते. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून मिश्रण कोमट ठेवले की ग्लिसरीन खाली बसते आणि वर डिझेलसारखे पातळ इंधन राहते. पण कृती सोपी असली म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

कॉस्टिक सोडा तेलाचा साबण करतो. डोळ्यातल्या नाजूक पडद्यातल्या स्निग्ध भागाचेही तो तेच करतो आणि आत आत शिरत जातो. म्हणून क्षणही न दवडता भरपूर साध्या पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवावा आणि मग डॉक्टर गाठावा. लिंबू, व्हिनेगर, दूध काही घालू नये.

मिथेनॉल त्याहून कपटी. दिसायला पाण्यासारखे. वाफ गॅसच्या शेगडीपर्यंत गेली तर भडका उडतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. पोटात गेल्यास शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्याची नस जाळते. दोन चमचेसुद्धा दृष्टी घालवायला पुरे होऊ शकतात. सुरुवातीला थोडी गुंगी, मग बरे वाटते. बारा-चोवीस तासांनी धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती याच मिथेनॉलने. चुकून कोणी प्यायले तर बरे वाटण्याची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे. वेळेत पोचल्यास उतारा आहे, डायलिसिस आहे.

खाली उरलेल्या ग्लिसरीनमध्येही मिथेनॉल आणि कॉस्टिक शिल्लक असते. त्याचा अंगाला लावायचा साबण करू नये, जनावरांच्या आंबोणात तर मुळीच घालू नये.

मग उरलेल्या तेलाचे करायचे काय? गटारात ओतणे वाईटच. पण त्याहून वाईट म्हणजे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून लोकांच्या पोटात घालणे. तळणाच्या तेलातील घातक ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'रुको' उपक्रम सुरू केला. त्यात वापरलेले तेल नोंदणीकृत संस्था गोळा करतात आणि कारखान्यात त्याचे बायोडिझेल होते. माझ्या मते खरा मार्ग हाच. गावातल्या हॉटेलवाल्यांनी, गाडीवाल्यांनी, मंगल कार्यालयांनी मिळून एक पिंप ठेवावे आणि भरले की संकलकाला बोलवावे. नगरपालिकेने त्यात पुढाकार घ्यावा. एकट्यादुकट्याचे तेल न्यायला कोण येणार?

त्या तरुणाने आता तेच मनावर घेतले आहे. मिथेनॉल त्याने माझ्या सांगण्यावरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन दिले. वाचकहो, तुमच्या घरातही फिनेल, ॲसिड, रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरलेले असेल. आज हे वाचून झाल्यावर आधी ते फडताळ उघडून पाहा.